चौदा तासांची बॅटरी

माझ्या नवऱ्याला राग आला की तो ओरडत नसे. ओरडला असता तर मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. तो गप्प बसे. ताट वाढलं की जेवे, तांब्या स्वतः भरून घेई, आणि मी समोर उभी असले तरी माझ्या मागची भिंत बघे. त्याचं पहिलं विमान पडलं तेव्हा हे आठ दिवस चाललं. विमान मी पाडलं नव्हतं, तरीही आठ दिवस.

विमान म्हणजे रेडिओवर उडवायचं, त्याने घरी बनवलेलं. तो खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि आम्ही कर्जतला राहत होतो. कारखान्यातला एक साहेब परदेशी जाताना आपला रेडिओचा संच त्याला स्वस्तात देऊन गेला, आणि तेव्हापासून आमच्या पलंगाखाली हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि गोंदाच्या बाटल्या यांचा संसार सुरू झाला. हातातल्या पेटीतून हुकूम सुटायचा, विमानातला रिसीव्हर तो ऐकायचा आणि शेपूट, पंख हलवायचा. रिसीव्हरला वीज मिळाली नाही तर मात्र सगळं बहिरं. इंजिन आपल्या तेलावर चालतच राहणार, विमान जाईल तिकडे जाणार.

पहिल्या वेळी तसंच झालं होतं. टॉर्चचे सेल स्प्रिंगच्या डबीत बसवले होते, इंजिनाच्या थरथरीने एक सेल जागचा हलला आणि विमान नाकावर आपटलं. मग त्याने सेल बदलले. मुंबईहून निकेल-कॅडमियमचे चार सेल आणले, एकमेकांना डाग देऊन पक्के जोडले, स्पंजात गुंडाळले. हे सेल पुन्हा पुन्हा भरता येत, पण त्यांचे चोचले फार. आधी पूर्ण रिकामे करायचे. मग अगदी बारीक धारेने चौदा तास चार्जिंग. घाई केली तर तापतात, फुटायचीही भीती. भरत आले की हाताला जरासे कोमट लागतात.

"मीटरवर बघायचं की झालं," मी म्हणाले होते.

"मीटरचा काटा फसवा असतो गं. ही अर्धी भरलेली असली तरी काटा पूर्णच दाखवतो. आणि संपते तेव्हा एकदम संपते."

"म्हणजे आत काय चाललंय ते कळूच देत नाही. तुमच्यासारखीच आहे."

तो हसला होता. मला वाटलं, माझा टोमणा काही त्याच्यापर्यंत पोचला नाही.

दुसरं विमान करायला त्याला वर्ष लागलं. भातकापणी होऊन खाचरं मोकळी झाल्यावर एका रविवारी ते उडवायचं ठरलं. कडावच्या रस्त्यालगत त्याच्या मित्राचं शेत होतं. मित्राने गावभर सांगून ठेवलं होतं. शनिवारी पहाटे पाचला नवऱ्याने बॅटरी चार्जरला लावली आणि पहिल्या पाळीला निघताना मला बजावलं, "मला ओव्हरटाइम आहे, यायला उशीर झाला तर संध्याकाळी सातच्या ठोक्याला काढ. एक मिनिट इकडेतिकडे नको."

त्याच दिवशी कडावला माझ्या नणंदेच्या मुलीचं बारसं होतं. सकाळी सातच्या सुमारास मी आणि सासूबाई निघालो. आमच्या घरी वीज आली तेव्हा सासूबाई चाळिशीच्या होत्या, आणि विजेवर त्यांचा विश्वास कधी बसलाच नाही. मागच्या आळीत एकदा इस्त्री चालू राहून गादी जळाली, तेव्हापासून त्यांचा दंडक होता: कुलूप लागलं की मेन स्विच खाली, म्हणजे घरभरची वीज बंद. चूल विझवल्याशिवाय घर सोडायचं नाही, तसंच हे. मी कुलूप हातात घेतलं आणि त्यांनी विचारलं, "मेन पाडलास का गं?"

मी चपला काढून परत आत गेले, हात वर केला आणि मेन खाली ओढला. चार्जर तिथून दोन हातांवर होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी साडेपाचला परत आलो. मी कुलूप काढलं, मेन वर केला, दिवा लावला, चहा ठेवला. सातचे ठोके पडले तेव्हा मोठ्या शहाणपणाने जाऊन बॅटरी काढली. ती हातात घेतली आणि गार लागली.

मेन पाडला तेव्हा चार्जरही बंद पडला होता. चौदा तासांपैकी फार तर साडेतीन तास वीज मिळाली होती. तेवढ्यात मागच्या दारी नवरा पाय धूत होता त्याचा आवाज आला.

"बरोबर सातला काढलीस?"

"सातच्या ठोक्याला."

शब्द खरे होते. त्याने मीटर लावला, काटा पाच व्होल्टच्या पुढे गेला आणि तो खूश झाला. जेवताना त्याने दोनदा भात मागून घेतला. सांग, आत्ता सांग, असं मी स्वतःला म्हणत होते. सांगितलं तर उद्याचा बेत मोडणार, गावातले लोक येऊन परत जाणार, आणि मग ती भिंत बघणारी नजर. किती दिवस? पहिल्या वेळी माझा दोष नसताना आठ. मी आमटी वाढली आणि गप्प राहिले. त्याचं गप्प बसणं मला छळायचं, आणि आज मीच गप्प होते.

सकाळी शेतावर पन्नासेक माणसं जमली होती. बायका बांधावर ओळीने बसल्या होत्या, सासूबाईंना मित्राच्या बायकोने पुढे पाट टाकून दिला होता. माथेरानचा डोंगर स्वच्छ दिसत होता. वारा नव्हता. म्हणजे देवाकडूनही अडचण नाही.

पहिलं उड्डाण दहा मिनिटांचं झालं. विमान दोनदा उलटं फिरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचं तोंड असं उजळलेलं मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, निभावलं. मी हात जोडले. तर तो तेल भरायला लागला.

"आता पुरे की," मी जवळ जाऊन म्हटलं.

"अगं, चौदा तास भरलीय. अजून दोन फेऱ्या आरामात होतील."

विमान परत वर गेलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. ते खाचरांवर होतं तोवर मी श्वास घेत होते. मग ते वळून बांधाच्या बाजूला आलं, बायकांच्या डोक्यांवरून गेलं. पुढचा पंखा दिसेनासा होईल अशा वेगाने फिरत होता. सासूबाई पाटावर बसून कपाळावर हात धरून वर बघत होत्या. एकदम संपते, तो म्हणाला होता.

"अहो, खाली घ्या!" मी ओरडले. "खाली घ्या! बॅटरी भरलेली नाय! मी मेन पाडला होता!"

माझ्या माहेरचं 'नाय' इतक्या लोकांपुढे तोंडातून गेलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्याने मान वळवली नाही. त्याने विमान तिथूनच खाचरांकडे फिरवलं, इंजिन मंद केलं आणि धसकटांतच उतरवलं. पुढचा पंखा मोडला, एक चाक निखळून बांधापर्यंत घरंगळत आलं. मित्र म्हणाला, "चांगलं उडत व्हतं की रं." कोणी हसलं. नवऱ्याने माझ्याकडे न बघता सगळं गोळा केलं आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर त्याने बॅटरीला सायकलच्या दिव्याचा बल्ब जोडला आणि घड्याळ समोर ठेवलं. बॅटरी पूर्ण भरलेली असती, तर दोन उड्डाणांनंतरही तो बल्ब अर्धा तास सहज जळला असता. मी दारात उभी राहिले. एक मिनिट लख्ख. दोन मिनिटं. चौथ्या मिनिटाला तार पिवळी झाली, मग लाल, आणि बल्ब विझला.

तो बल्बकडे बघत बसला. मी मनात दिवस मोजायला सुरुवात केली होती.

"आई पुढेच बसली होती," तो म्हणाला.

"हो."

"तुला काल रात्रीच माहीत होतं?"

"काल सातलाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलायचं बंद करता," मी म्हटलं. "मला त्याची भीती वाटते."

तो माझ्याकडे बघत राहिला. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"एवढी?" त्याने विचारलं. "आईच्या डोक्यावर विमान पडू देण्याएवढी?"

मला रडू फुटलं. हो म्हणायची लाज वाटत होती आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्याने स्वतःच्या हाताने चहा केला. फार गोड झाला होता. आम्ही दोघांनी तो प्यायला.