ग्लाफिराचं फाटक

उन्झा नदीकाठच्या झाओझेर्ये गावात लग्न असलं की नवरदेवाला नवरीआधी ग्लाफिराची भीती वाटायची. नवरीच्या मैत्रिणी फाटक अडवून उभ्या राहायच्या आणि त्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून ग्लाफिरा सावेल्येव्ना. ती दोन ओळी फेकणार, वराकडच्यांनी दोन ओळींनी उत्तर द्यायचं. यमक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशी तीस वर्षं तिने गाजवली. एरवी ही बाई दूध संकलन केंद्रावर कॅन मोजायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असायची. पण फाटकाशी आली की तिच्या अंगात वारं शिरायचं. एकदा शहरातला एक ऐटबाज ड्रायव्हर वरात घेऊन आला. त्याला तिने सुनावलं,

"नवा कोट, नवे बूट, टोपी घातली तिरकी,
पोरीनं नुसतं पाहिलं की घेतोस की रे गिरकी!"

त्याने घाबरून 'प्रेम-गाजर' म्हटलं. त्यांच्या भाषेत प्रेमाचं यमक गाजराशी जुळतं, म्हणून आपण 'प्रेम-बीम' म्हणतो तसं तिथे जो तो 'प्रेम-गाजर' म्हणत हसतो. ग्लाफिरा म्हणाली, "गाजर गुरांना घाल. मला नवं पाहिजे." ड्रायव्हर तासभर फाटकाबाहेर घाम पुसत होता.

तिच्या स्वतःच्या लग्नात मात्र फाटक कुणी अडवलं नव्हतं. बेचाळीस साली, महायुद्धात, तिच्या नवरदेवाला, तिखोनला, आघाडीवर बोलावणं आलं. दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या, तिसऱ्या दिवशी तो गेला तो गेलाच. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आता छप्पन्नाव्या वर्षी तिला पुन्हा मागणी आली होती, येर्मोलाय फोमिचची. हा नदीवरचा नावाडी, विधुर. दिवसभरात दहा शब्द बोलला तर ती बडबड समजायची. तो तिच्या बादल्या उचलून चालू लागला की शाळेच्या कुंपणावरून पोरांचा चिडवण्याचा कल्ला उठायचा, "तिली-तिली-तेस्तो! नवरा-नवरी बघा हो!" येर्मोलाय कानापर्यंत लाल व्हायचा, पण बादल्या खाली ठेवायचा नाही. तेवढ्यावरच ग्लाफिराने होकार दिला.

मात्र तिची एक इच्छा होती. आयुष्यात एकदा तरी आपल्यासाठी कुणीतरी फाटक अडवावं. ती शेजारीच राहणाऱ्या नणंदेकडे, कापितोलिनाकडे गेली. ती तिखोनची बहीण, गावात यमकात हिच्या खालोखाल.

कापितोलिना कोबी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "विधवेचं फाटक कोण अडवतं गं? अपशकुन असतो तो."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. कुमारिकेचं अडवतात. तू काय, सह्या करून ये आणि जेवायला घाल."

"कापा, मला वाटत होतं, तू तरी उभी राहशील."

कापितोलिनाची सुरी थांबली. "माझ्या भावाच्या दारातून तुला दुसऱ्याच्या हवाली करायला? मी?"

ग्लाफिरा तिथून निघाली. बाकीच्या बायका तर हसल्याच. "या वयात? गुडघे सांभाळ आधी!"

ऑक्टोबरच्या शनिवारी, बटाटे तळघरात गेल्यावर, येर्मोलायची घोडागाडी घुंगरं वाजवत आली. बरोबर भाचा वित्याली अकॉर्डियन घेऊन, आणि दोन मित्र. फाटकाला कशिद्याचा टॉवेल आडवा बांधलेला, आणि त्यामागे निळ्या पोशाखावर एप्रन घालून खुद्द नवरी उभी.

"ग्लाशा," येर्मोलाय चाचरला, "तू बाहेर कशी?"

"आत बसून काय करू? अडवणारं कुणी नाही." तिने हात कमरेवर ठेवले.

"वल्ही मारत पार केलास नदीचा दर घाट,
माझ्या दारी आलास तर का रे विसरलास वाट?"

रस्त्यावर लोक थबकले. येर्मोलायने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. वित्यालीने मामाला सावरलं,

"वाट नाही विसरला, पाय गारठले जरा,
फाटक सोड मावशे आता, नवरा आणलाय खरा!"

ग्लाफिरा लगेच,

"गारठलेल्या पायांना रे औषध माझा टोमणा,
भाचा बोले, मामा गप्प, नवरा की पाहुणा?"

हशा पिकला. चौघांपुढे एकटी बाई, तरी तिचंच पारडं जड. तेव्हा येर्मोलायचा एक मित्र चिडून पुढे झाला,

"छप्पन्न वर्षं ठेवलेला माल कोण हो नेणार?
आम्ही परत फिरलो तर इथंच गंज चढणार!"

हशा एकदम थांबला. ग्लाफिराने तोंड उघडलं आणि तिला शब्दच सापडेना. तीस वर्षांत पहिल्यांदा. टॉवेलची गाठ तिने मुठीत धरली. सोडून आत जावं, झालं तेवढं हसं पुरे, असं तिला वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या कुंपणापलीकडून कोबीची परात आदळल्याचा आवाज आला.

"गंज चढतो खिळ्याला रे, सोनं सदा झळझळतं,
तुमच्या नवऱ्याच्या होडीत गुडघाभर पाणी गळतं!"

कापितोलिना! घागरा सावरत कुंपण ओलांडून ती आली, वहिनीच्या शेजारी उभी राहिली आणि त्या मित्राकडे बोट नाचवून म्हणाली, "माझ्या भावाची बायको आहे ही! फुकट नेताय होय? हिची किंमत चारचौघांत कळल्याशिवाय एक पाऊल आत टाकून बघा!"

मग काय विचारता! दूध केंद्रावरच्या बायका आल्या, टपालवाली सायकल टाकून आली, गुडघ्यांची चेष्टा करणारी सर्वांत आधी धावली. बघता बघता फाटकामागे पंधराजणी.

"आणि तू गं," कापितोलिना ग्लाफिरावर ओरडली, "नवरी कधी फाटकावर उभी राहते का? चल आत! एप्रन काढ. गप्प बस."

त्यांनी तिला ढकलतच घरात नेलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. मांडीवर हात ठेवून ती बसली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बायका फेकत होत्या, पुरुष झेलत होते, अकॉर्डियन मध्येच सूर धरत होतं. शेवटी कापितोलिनाचा आवाज आला, "पुरे झालं भाच्याचं! नवऱ्यानं स्वतः बोलायचं, नाहीतर होडीत बसून घरी!"

 मग येर्मोलायचा जड, घोगरा आवाज,

"तीस वर्षं वल्हं हाती, दोनच तीर मोजले,
तिसरा तीर तुझं अंगण, उशिरानं समजले."

बाहेर कुणा बाईने सूंऽ करून नाक ओढलं. कापितोलिना मात्र घसा खाकरून म्हणाली, "ठीक आहे. यमक बसलं. पण आमची ग्लाशा एका यमकात जात नाही. अजून दोन!"

"अजून दोन?" येर्मोलाय कण्हला.

आत ग्लाफिरा उठली. दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. आणि मग परत येऊन बाकावर बसली, रुमाल नीट केला आणि डोळे पुसता पुसता खिडकीतून ओरडली,

"कापा! एवढ्यात सोडू नकोस गं त्याला!"