खोगीर बसवणारे शिर्केसाहेब

शिर्केसाहेबांनी पहिल्या भेटीत मला चहा विचारला नाही, वजन विचारलं. "सच सांगा मॅडम, पॅराशूटच्या हार्नेसला खोटं चालत नाही," असं म्हणून त्यांनी मला उलटं वळायला लावलं आणि पुढची दहा मिनिटं ते माझ्या पाठीशीच बोलत राहिले. त्यांची ही सवयच होती. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे. रामबागेतल्या भाजी बाजारात माझ्यासमोरून ते ओळख न देता निघून जायचे आणि मी पुढे गेले की मागून हाक मारायचे, "अरे, कुलकर्णीबाई!"

साहेब फौजेत पॅराशूट बांधण्याच्या विभागात होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इंदूरला परत आले. देपालपूरच्या बाजूला, गव्हाच्या शेतांमध्ये एक खाजगी हवाईपट्टी आहे. तिथे हिवाळ्यात हौशी लोकांसाठी विमानातून उड्या मारण्याचं शिबिर भरतं. तिथलं सगळं सामान तपासायचं काम साहेबांकडे होतं. त्यांनी सही केल्याशिवाय कुणाचीही पेटी, म्हणजे पाठीवर बांधायची पॅराशूटची पिशवी, विमानात चढत नसे. "आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते," ते सांगायचे. "घोड्यांना खोगीर बसवायचे. मी माणसांना बसवतो. घोडा बरा, तो मला ठीक आहे ठीक आहे म्हणत नाही."

मी मूळची नाशिकची. पिथमपूरच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. कामाची यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या यादीत 'उडी शिकणे' हे मी लिहिलं, परदेशात जाऊन शिकले आणि तिथल्याच एका उंच, रुंद गृहस्थाची वापरलेली पेटी विकत घेऊन आले. परवान्यासाठी थोड्या उड्या कमी होत्या. त्या या शिबिरात पूर्ण करायच्या होत्या. पुढचं शिबिर थेट एका वर्षानं.

अडचण एकच होती. पेटीच्या तळाशी एका खिशात छोटी छत्री असते. तिला पायलट शूट म्हणतात. ती हातानं ओढून वाऱ्यात फेकायची. ती भरली की पेटीची पिन ओढते आणि मोठी छत्री, म्हणजे खरं पॅराशूट, बाहेर येते. माझी छोटी छत्री फेकल्याबरोबर भरत नव्हती. पाठीमागे घुटमळायची. तो क्षण जमिनीवरून बघणाऱ्याला दिसतही नाही, पण वर तो फार लांब वाटतो.

मी माझ्या पद्धतीनं कारणं काढली होती. छोटी छत्री जुनी असेल, म्हणून नवी घेतली. तिच्या आतली दोरी नीट ओढून ठेवली नसेल, म्हणून ती दर वेळी दोनदा बघितली. पेटी ढिली बंद होत होती, म्हणून पिन ज्या फासात अडकते तो छोटा केला.

हे मी त्यांच्या घरी सांगत असताना साहेब पहिल्यांदा माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"फास छोटा केलात? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ढिला वाटत होता."

"ढिला का वाटला, ते नाही विचारलंत स्वतःला. ही पेटी मोठ्या छत्रीची आहे. आत तुम्ही लहान छत्री भरली. आता फास आवळला, तर पिन जड झाली. बिचारी छोटी छत्री आधीच थकलेली, तिच्यावर अजून बोझा." मग त्यांनी मला व्हरांड्यातल्या खाटेवर पेटीसकट पालथं झोपवलं. "फेका."

मी हात मागे नेला. खिसा सापडेना. दुसऱ्यांदा सापडला, पण नेहमीच्या जागेच्या बराच बाजूला. साहेबांनी माझी पाठ आणि पेटी यांच्यामधून हात घातला आणि तो कोपरापर्यंत आरामात गेला.

"मॅडम, ही पेटी तुमच्या पाठीवर नाही. तुमच्या मागे मागे येते आहे," ते म्हणाले. "वर वारा हिला उचलतो. हिच्या मागे वाऱ्याची सावली पडते. तुम्ही खिसा शोधता शोधता घाबरता, मग हलकंसं फेकता, आणि छत्री पडते त्या सावलीत. तिथे वाराच नाही, तर ती भरणार कशानं? छत्रीत खराबी नाही. फेकण्यातही फार नाही. माप चुकलं आहे."

"मग पट्टे आखूड करून द्या ना. तुमच्याकडे मशीन आहे."

"हार्नेसला कात्री लावायचा हक्क ज्यानं बनवलं त्याचा. मला शिवता येतं म्हणून मी शिवणार नाही. तिकडे पाठवा."

आतून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. "शेजारच्या पोरीचं दप्तर शिवून देतात, परक्या बाईला मात्र नाही म्हणतात," त्या म्हणाल्या.

"दप्तर फाटलं तर पुस्तकं पडतात," साहेब म्हणाले आणि पोह्यांवर शेव घ्यायला लागले.

पाठवायचं म्हणजे सात-आठ महिने. म्हणजे हे शिबिर गेलं. मी रागावले आणि स्पष्ट बोलले. म्हटलं, याच पेटीतून मी इतक्या उड्या मारल्या, दर वेळी उघडलीच की.

"उघडली त्यांचंच ऐकायला मिळतं, बाई. नाही उघडली, तो सांगायला येत नाही."

शिबिराचा व्यवस्थापक भंडारी हा गोड बोलणारा माणूस. विमानातली जागा रिकामी गेली की त्याच्या जिवाला लागायचं. त्यानं साहेबांना माझ्यादेखत गळ घातली, "देख लो ना साहब, निकल जाएगा इनका काम."

"निकलेगा तो सही, भिया," साहेब म्हणाले. "कब निकलेगा, ये नहीं पता."

मग भंडारीनंच तोड काढली. बाहेरगावाहून एक तपासनीस पाहुणा म्हणून आला होता. त्यानं माझी पेटी बंदच्या बंद उलटी-सुलटी केली आणि सही दिली. शेवटच्या रविवारी सकाळी मी पेटी चढवून विमानाच्या रांगेत उभी राहिले. माझ्या पुढचा मुलगा खजरान्याच्या देवळातलं गंध कपाळाला लावून आला होता. साहेब त्याला म्हणाले, "गणपतीला भेटून आलात, चांगलं केलंत. आता पट्टे दाखवा." त्याचे पट्टे बघून त्यांनी त्याला पुढे सोडलं. मग माझ्याकडे आले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील.

त्यांनी आवाजही चढवला नाही. माझ्या पाठीकडे गेलेही नाहीत. समोरच उभं राहून विचारलं, "तुम्ही कारखान्यात नापास केलेला माल दुसऱ्या दारानं बाहेर गेला, तर तुम्ही काय करता?"

असा एक माल मी एकदा गाडीतून परत उतरवून घेतला होता, आणि त्या दिवशी आमचे विक्रीवाले भंडारीसारखेच गोड बोलत होते. विमानाचा पंखा सुरू झाला होता. मी छातीचा पट्टा सोडला, मग पायांचे, आणि रांगेतून बाहेर आले. भंडारी लांबून हातवारे करत होता. साहेबांनी पत्र्याच्या शेडखालची खुर्ची माझ्याकडे सरकवली. विमान वर गेलं. आम्ही दोघं मान वर करून बघत बसलो. त्या मुलाची छत्री स्वच्छ उघडली, तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "वा."

त्याच आठवड्यात त्यांनी माझी मापं घेतली. खांदे, कंबर, मांड्या, उभं धड. दोनदा घेतली, कारण पहिल्यांदा मी श्वास रोखून धरला होता. "वर श्वास घेणार की नाही?" त्यांनी विचारलं. पेटी गेली. छत्रीच्या मापाची लहान पेटी आणि माझ्या अंगाचं हार्नेस, असं बनवणाऱ्याला कळवलं. दर काही दिवसांनी साहेबांचा फोन यायचा. "आली?" "नाही." "ठीक." एवढंच संभाषण.

पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना ताप आला, मग न्यूमोनिया झाला, आणि हॉस्पिटलातून ते घरी आले नाहीत. शेवटी भेटायला गेले तेव्हा नाकावर मास्क होता. त्यांनी भुवया उंचावल्या. मला प्रश्न कळला. मी मान हलवली, अजून नाही.

पेटी दिवाळीनंतर आली. शिबिर तोंडावर होतं. आता हवाईपट्टीवर सही करणारा दुसरा होता आणि तो चांगला आहे, हेही सांगितलं पाहिजे. त्यानं तपासली असती. पण मी आधी रामबागेत काकूंकडे गेले. का, ते त्या दिवसाच्या यादीत लिहिलं नव्हतं.

काकूंनी खोकं बघितलं आणि त्यांना न सांगता समजलं. "घाल," त्या म्हणाल्या. मी व्हरांड्यात उभी राहून सगळे पट्टे आवळले. काकू माझ्या मागे आल्या. "मला ह्यातलं काही समजत नाही हां," म्हणाल्या. "चाळीस साल झाले, नुस्तं ऐकत आले जेवताना." त्यांचा हात माझ्या पाठीवर लागला. भाकरी थापणारी जाड बोटं, ती पेटीच्या कडेनं आत जायला बघत होती. वरून, बाजूनं, खालून. कुठेच शिरत नव्हती.

मग त्यांनी हात काढून घेतला.

"नाही जात बोटं," काकू म्हणाल्या. "जा मग."