वांग्यांत शेळी आणि मी गप्प

आमगावच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पाळक आत्म्याच्या फळांवर, म्हणजे पवित्र आत्मा माणसात रुजवतो त्या गुणांवर, बोलत होते. प्रीती, आनंद, शांती, इथवर ठीक होतं. ते सौम्यतेवर आले आणि नवरा माझ्याकडे बघून खोकला. मी तिथंच ठरवलं, आठवडाभर आवाज चढवायचा नाही.

सोमवारी सकाळीच शेजारच्या मावशींची शेळी आमच्या वांग्यांत शिरली. एरवी माझी बोंब रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. त्या दिवशी मी ओट्यावर बसून प्रार्थना करत राहिले आणि शेळी निवांत पाला खात राहिली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं, की ती मिरच्यांकडे वळली तरी मी हसतच होते.

बुधवारपर्यंत वांगी संपली. गुरुवारी मावशी गरम पेज घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आल्या. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काऊन वो, तब्येत बरी नाही का? तीन दिवस झाले, तुझा आवाजच नाही. तू बोंबलली की मले समजते, शेळी सुटली."

मला हसू आवरेना. मग त्याही हसू लागल्या, पेज सांडली आणि शेळीनं तीही चाटली.

चर्चची पायरी कधी न चढलेली ही बाई माझ्यासाठी धावत आली होती. आणि माझी सौम्यता तीन दिवस ओट्यावरून उठली नव्हती. चार पावलं जाऊन, "मावशी, शेळी सुटली," एवढं हळू आवाजात सांगणं मला सुचलंच नव्हतं.