आत्येचा अंगठा

दोन हजार आठच्या सुमारास मी कणकवलीजवळच्या एका काजू कारखान्यात, ऑफिसात कामाला होते. माझी आत्ये तिथेच काजू फोडायला बसायची. त्या वर्षी हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं. नवी वस्तू कधी एकदा वापरतो असं झालेल्या आमच्या मॅनेजरनी चतुर्थीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. अंगठे घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

आत्येने हात मागे घेतला. माझ्या आजोबांनी पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा उठवला आणि मिठबावची नारळाची बाग हातची गेली. तेव्हापासून आमच्या घरात अंगठा म्हटलं की माणसं विषय बदलत. आत्ये त्यानंतर हट्टाने सही शिकली होती.

"साहेब, मी सही करते," ती म्हणाली. "अंगठा देणार नाही."

"सही चालणार नाही, बाई. अंगठा नसेल तर हजेरी नाही."

तिचं घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं. तिने अंगठा दिला. "कागद तर खंय दिसना नाय. मी अंगठो कशावर दिलंय गो?" असं तिने मला विचारलं. मी पुढच्या बाईला बोलावलं.

काजूच्या टरफलाचं तेल भलतं जहाल. राख लावा, खोबरेल लावा, बोटांची कातडी जायची ती जातेच. सुट्टीत मोदक आणि नेवऱ्या करता करता बायकांच्या बोटांना नवी कातडी आली होती, आणि आम्ही शहाण्यांनी नेमके तेच अंगठे मशीनात भरून ठेवले. काम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मशीन काजू फोडणाऱ्या बायकांना ओळखेना. 'प्लीज ट्राय अगेन' एवढंच गोड आवाजात म्हणत राही.

मॅनेजरनी सांगितलं, ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांनी कातडी येईपर्यंत घरी बसावं. ही कातडी आपल्याच कामाने गेली आहे, असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही." मला मनस्वी चीड आली. तो माणूस वाईट नव्हता, हे त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी आत्ये माझ्या टेबलापाशी आली.

"घरी बसान चूल पेटना नाय. मी ह्या काम सोडून दुसरा बघतंय गो. पण मशीनातलो माझो अंगठो पुसून टाक."

मी बटणं दाबून पाहिली. मशीन पासवर्ड मागत होतं आणि तो कोल्हापूरच्या विक्रेत्याकडे होता. मॅनेजर आतूनच म्हणाले, "राहू दे ना. काय बिघडतं?"

"पुसूक जमना नाय, आत्ये," मी म्हणाले.

तिने आपला अंगठा उजेडात धरला. त्यावर एक रेघ उरली नव्हती.

"म्हणजे माझो अंगठो आता तुमच्याकडेच आसा," ती म्हणाली. "माझ्याकडे नाय."