ज्योत पळसदेववरनं

इंदापुरातनं काटेवाडीला सरळ रस्ता हाय दादा. पळसदेवला वळसा घालायचं कायबी कारण न्हाय.

हे मी तुला दरवर्षी सांगितलं. आजबी सांगतो.

आता तू उलटून बोलणार नाहीस, म्हणून माझं खरं झालं असं नाही.

सोमादादा, माझा चुलतभाऊ. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्या काटेवाडीच्या वस्तीवरची पोरं नवरात्रात तुळजापूरहून देवीची ज्योत पळत आणतात. एकाच्या हातात पेटती मशाल, बाकीचे पिकअपमध्ये. एक दमला की दुसरा उतरतो. घटस्थापनेला ज्योत वस्तीवर पोचलीच पाहिजे.

रूट ठरवायचा दादा.

सकाळी इंदापुरात शिरायचं. गढीच्या खालनं, जुन्या गावातनं बाहेर पडलं की दोन वाटा.
एक सरळ आमच्याकडं.
दुसरी पळसदेवला, आणि तिथनं आतल्या रस्त्यानं. उसातनं, पेरूच्या बागांतनं, कॅनॉलच्या कडेकडेनं, मागं वस्त्यांवरची कुत्री.

पळसदेव म्हणजे दादाची सासरवाडी.

पिकअप चालवणारा पिंट्या दरवर्षी बोलायचा, "सासूच्या हातचा च्या प्यायला देवीला फिरवतोय गडी."

दादा म्हणायचा, "च्या कोण पितंय. पोहे असत्यात."

खरं कारण वेगळं होतं.
पळसदेवचं जुनं गाव धरणात गेलं. माणसं वर आली, देऊळ खाली राहिलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की दिसतं. नवरात्रात नुसतं पाणी.

दादा त्या पाण्याच्या काठाला उभा राहायचा आणि मशाल पाण्याकडं धरायचा. वहिनीचे वडील, तात्या, हात जोडून उभे. बाया वाटीत तेल घेऊन यायच्या, मशालीवर घालायच्या.

मग पुढं पळायचं.

मी म्हणायचो, "पाण्यात कुणाला दावतोस?"
"खाली हाय त्याला."
"त्याला दिसतंय व्हय?"
"तू पळ. लई बोलू नगो."

एका वर्षी दादा गढीपाशी पायाला पट्टी बांधत मागं राहिला. मशाल गण्याच्या हातात होती. तो रोजच्या जाण्यायेण्याच्या सवयीनं सरळ रस्त्याला लागला. आम्ही पिकअपमध्ये बसून हसत होतो, हाक कुणी मारली नाही.

कुणाच्या तरी गाडीवर बसून दादानं आम्हाला गाठलं, तेव्हा इंदापूर पार मागं पडलं होतं.

आमच्यात ज्योत मागं फिरवत नाहीत. एकदा पुढं आली की पुढंच.

मी म्हणालो, "मिटला विषय. देवीच सरळ निघाली."

दादा गाडीवरनं उतरला. पिकअपमधली मोकळी मशाल काढली, तेलात बुडवली, ज्योतीवर पेटवली.

"ती न्हाय फिरत मागं. ही आत्ता पेटलीया. हिला अजून मागंफुडं काय म्हाईत न्हाय."

आणि उलट्या दिशेनं पळत सुटला. एकटा.

पिंट्यानं विचारलं, "जातंय का कोण संगं?"
आमच्यातलं एकबी उतरलं नाही. रात्रभर पळालो होतो. घर जवळ आलं होतं.

घट बसले, आरती झाली, जेवणं उरकली. दुपार कलल्यावर दादा पळसदेववरनं आला. पाय सुजलेले, मशाल पेटलेली.

"मिळाले का पोहे?" मी विचारलं.
"तुझ्या वाटणीचंबी खाल्लं."

मी एका जागी टिकणारा माणूस नाही. आठवीतनं शाळा सोडली, सुरत केली, हैदराबाद केलं. आता काश्मीरकडं बोगद्याच्या कामावर पोकलेन चालवतो.

ज्योतीला येणं बंद झालं. भांडण फोनवर चालू राहिलं. मी इथं डोंगरात बसून रूट सांगायचो, तो तिकडं टोमॅटोला पाणी देत ऐकायचा.

गेल्या वर्षी म्हणालो, "दादा, यंदा तरी सरळ आणा."

तो म्हणाला,
"तू ये. तू म्हणशील त्या रस्त्यानं जाऊ."

मी फोन ठेवला आणि शेजारच्या बिहारी ऑपरेटरला सांगितलं, अपुन जीत गया.

सुट्टी मागितलीच नाही.

मग दादाला डेंगी झाला. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

इतक्या वर्षांत पळसदेव सोडायला तो कुणासाठी तयार झाला नव्हता. मी फक्त रस्त्याचं ऐकलं. "तू ये" हे ऐकलंच नाही.

गेल्या नवरात्रात सुतक, ज्योत निघाली नाही. यंदा मंडळानं सरळ रस्ता ठरवला.

परवा वहिनीचा फोन आला.
"भावजी, तात्या इचारत्यात, जोत येनार का? येनार नसंल तर तसं सांगा. बाया उगं तेल घिऊन उभ्या ऱ्हातील."

मी पिंट्याला लावला.
"पळसदेववरनं आणा."
"आरं, सरळ आणा म्हणून तूच बोंबलत हुतास की."
"व्हय. रस्ता सरळच बरा हाय."
"मग?"
"मग काय न्हाय. पळसदेववरनं आणा."
"पळनार कोण? पोरं ड्यूटीवर. वळसा म्हंजी डिझेल आलं, आनखी येक जेवान आलं. तू येतुस का?"

या वेळी साहेबाला विचारलं. बोगदा आरपार फुटायला आलाय, रजा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तेच.

गण्या आणि अजून दोघं तयार झालेत. वहिनीला तसं कळवलं.

दादा, ज्योत तुझ्या वाटेनं येईल. मी याही वर्षी नाही. इथनंच पाया पडतो तुझ्या.

पिंट्या, डिझेलला आणि पोरांच्या जेवणाला साडेचार हजार टाकतोय.