माझ्या हाताची गरमी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर मी सूड उगवला, तोही एका कॉम्प्युटरच्या निमित्ताने. सूड हा शब्द मोठा वाटेल, पण मला दुसरा सुचत नाही आणि शोधायचाही नाही.

मी सापगावात आईबाबांकडे राहते आणि लग्नांचे, त्यातही हळदीचे, व्हिडिओ एडिट करते. आमच्याकडे लग्न एक वेळ आटोपशीर होईल, हळद नाही. डीजे, नाच, व्हिडिओत कमी दिसले म्हणून रुसणारे मामा, हे सगळं कापून-जोडून द्यायला दणकट मशीन लागतं. मी एकेक पार्ट मागवला. जोडायला मात्र भावोजींना बोलवायचं हे बाबांनी परस्पर ठरवलं. भावोजींचा मुरबाडला कॉम्प्युटर क्लास आहे. मला जोडता आलं असतं, पण घरचा जावई असताना मुलीने स्क्रू ड्रायव्हर धरायचा म्हणजे जावयाचा अपमान.

ते आले, कोंबडी-वडे जेवले आणि कामाला बसले. मला बॅटरी धरायला लावली. काही विचारलं की म्हणायचे, "तू फक्त उजेड दाव." कॅबिनेटच्या काचेवरचं प्लास्टिक सोलायला गेले तर हातावर चापटी मारली. "नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाय. निघंल तवा आपसूक निघंल." त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवरच्या प्लास्टिकच्या चिंध्या झाल्यात, तरी ते अजून तिथेच आहे.

एडिट केलेल्या पहिल्याच व्हिडिओची फाइल बनवायला लावली आणि मशीन अर्ध्यात बंद पडलं. तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकला. प्रोसेसर नुसता बसून सत्तर अंशांवर, काम दिलं की पंच्याण्णव, आणि स्क्रीन काळी. भावोजींना फोन केला. म्हणाले, पत्र्याचं घर, तापणारच. मशीन आतल्या स्लॅबच्या खोलीत नेलं. तरी तेच. मग म्हणाले, धूळ असंल. उघडून ब्रश फिरवला. धूळ बसायला मशीन जुनं तरी व्हायला हवं होतं. पंखा बघ म्हणाले, तो गरगर फिरत होता. कॅबिनेटची बाजू काढून टेबल फॅन लावला, तरी आकडा नव्वदच्या खाली येईना. तिकडे एका नवरीचे वडील व्हिडिओसाठी रोज दारात येऊन बसू लागले.

शेवटी भावोजी बहिणीला घेऊन आले. मशीनला हातही न लावता, भरल्या पंगतीत म्हणाले, "मशीनला काय झालेलं नाय. हिच्या हातालाच गरमी हाय. बाईच्या हाती मशीन टिकत नाय." सगळे हसले. बाबाही हसले. मग ठरलं की पुढच्या रविवारी ते मशीन मुरबाडला क्लासवर नेणार. "तुला लागंल तवा येत जा तिकडं." माझ्या कमाईचं मशीन, माझा धंदा, आणि मी त्यांच्या दारात परवानगी मागत उभी राहायचं. बाबा म्हणाले, "जावई बोलतात त्यात काय चुकीचं नाय." बहीण खाली मान घालून पापड मोडत होती. तिच्या हाताला चव नाही, तिच्या पायगुणाने क्लास चालत नाही, हे ती घरी रोजच ऐकते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनला मुद्दाम काम लावलं आणि आकडा नव्वदवर गेल्यावर, ज्या हाताला गरमी होती तोच हात प्रोसेसरवरच्या कूलरला लावला. कूलर म्हणजे पातळ पात्यांचा ठोकळा. प्रोसेसरची उष्णता त्याने ओढून घ्यायची आणि पंख्याने उडवून लावायची. तो थंडगार होता. खाली विस्तव आणि वरचा तवा गार, म्हणजे दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं होतं.

मशीन बंद केलं, स्क्रू काढले आणि कूलर उचलला. त्याच्या तांब्याच्या तळाला प्लास्टिकचा पारदर्शक कागद तसाच होता. नव्या वस्तूचं प्लास्टिक! त्यावर लाल अक्षरांत इंग्रजी सूचनाही होती. मी जमिनीवर बसून एवढी हसले की आई धावत आली.

कागद सोलला, कूलरचा तळ आणि प्रोसेसरची पाठ स्पिरिटने पुसली, मध्ये उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली आणि कूलर परत घट्ट बसवला. भर कामात आकडा पासष्टच्या वर गेला नाही. नवरीचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी दिला. भावोजींना मात्र फोन केला नाही. आईलाही गप्प बसवलं. मला ते सगळ्यांसमोर हवे होते.

रविवारी ते बहिणीला घेऊन आले. या वेळी चारचाकी होती, मागची सीट रिकामी, मशीन गुंडाळायला चादर आणलेली. मी त्यांना पोटभर जेवू दिलं, पत्र्याच्या घरावर पोटभर बोलू दिलं. शेजारचेही येऊन बसले. मग मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "भावोजी, न्यायच्या आधी सगळ्यांना दाखवा ना, कसं तापतं ते."

ते ऐटीत बसले. काम लावलं. साठ, बासष्ट, चौसष्ट. अख्खा व्हिडिओ पूर्ण झाला. "आज हवा गार हाय," ते म्हणाले. मी तो कागद त्यांच्या तळहातावर ठेवला. "कूलरखाली होता. इंग्रजीत कायतरी लिवलंय, जरा वाचून दाखवा."

ते वाचू लागले आणि मध्येच थांबले. "मराठीत सांगा ना," मी म्हटलं. त्यांनी कागद उलटा ठेवला, तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं: बसवण्याआधी हे काढावे. बाबा उठून अंगणात गेले. आणि माझी बहीण हसली. तोंडावर पदर न घेता, त्यांच्याकडे बघत, खळखळून हसली. नवऱ्यासमोर तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. चहा न घेताच भावोजी तिला घेऊन निघाले.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मात्र मी घाबरले. मी माझा सूड घेऊन मोकळी झाले होते, हिशोब चुकता करायला तिला त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. संध्याकाळी तिचा फोन आला तो मी पहिल्याच रिंगला उचलला.

"मुरबाड येईपर्यंत एक शबुद बोलला नाय गो तो," ती हळूच म्हणाली. "लग्न झाल्यापासून एवढं निवांत मला कदी वाटलं नाय." मग थोडं थांबून म्हणाली, "त्यानं तुझ्याकडं आजून कायतरी बिघडवून ठेवलं असंल. बघ ना शोधून."