खडवलीची नदी आणि न धुतलेले हात

खडवलीला लोक नदीत डुंबायला जातात. आम्ही दोघं गेलो ते पाण्याला हात न लावता परत यायला. सहल माझी बायको रेखा हिची, मी फक्त स्कूटर चालवली. हे सगळं तिने आधी वाचलंय, त्यातली दोन वाक्यं काढायला लावलीत आणि मगच इथे टाकू दिलंय.

रेखाला ओसीडी आहे. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, हे मलाही अलीकडेच कळलं. आमच्या घरात इतकी वर्षं त्याला सोवळं म्हणत. लांज्याजवळच्या आमच्या गावी माझी आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, सून देवाचं एवढं नीट करते की नळाची तोटीसुद्धा धुवून मग हात लावते. पुढे त्या तोटीच्या मागोमाग दाराची कडी आली, भाजीची पिशवी आली, पाहुणा बसून गेलेली खुर्ची आली. हातांना भेगा पडून रक्त यायचं, तरी साबण सुटायचा नाही. आलेल्या माणसालाही ती दारातूनच बाथरूमकडे पाठवायची. हळूहळू माणसं येईनाशी झाली.

प्राजक्ता आमची एकुलती मुलगी, डोंबिवलीत दिलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा रेखाने खिडकीजवळची कॉट झाडून ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण प्राजक्ता हळूच म्हणाली, "आई, मी डोंबिवलीतच राहीन म्हणते." कारण कोणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी रेखा देवघरासमोरून उठली आणि म्हणाली, मला डॉक्टरांकडे न्या.

आता गोळ्या चालू आहेत आणि दर आठवड्याला समुपदेशक मॅडमकडे जाणं. आधी घरची कडी, मग दुकानातले सुटे पैसे, मग जिन्याचा कठडा, अशी एकेक पायरी त्यांनी तिला चढायला लावली. (आपल्या मनाने कोणावर असले प्रयोग करू नका, जाणकार सोबत हवाच.) यावेळची पायरी उंच होती. दिवसभर बाहेर जायचं, चारचौघांसारखं खायचं-प्यायचं आणि घरी पोचेपर्यंत हात धुवायचे नाहीत, पुसायचेही नाहीत. घरी आल्यावर सगळे धुतात तसे एकदाच धुवायचे.

माझं काम वेगळं होतं. "मला काही घाणेरडं लागलं का हो?" असं तिने विचारलं की उत्तर द्यायचं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुम्ही 'नाही लागलं' म्हणता तेव्हा त्यांना घटकाभर बरं वाटतं. पण खुराक आजाराला मिळतो." इतकी वर्षं मी रोज तोच खुराक घालत होतो आणि त्याला माया समजत होतो.

जागा रेखानेच निवडली. म्हणाली, नदीवर जाऊन हात धुतले नाहीत तर मग कुठेही जमेल.

थंडीतला रविवार होता. ठाण्यातल्या वर्तकनगरहून सकाळी निघालो, माजिवड्याला नाशिक महामार्गाला लागलो. रस्त्याचं काम चालू आहे, त्यामुळे भिवंडीच्या बाजूची गोदामं संपेपर्यंत ट्रक आणि धूळ यांची तयारी ठेवा. दुचाकीवर जाणार असाल तर लवकर निघा. पडघ्याजवळ खडवलीचा फाटा आहे, तिथून आत वळलं की हवा बदलते.

फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्याने काचेचे ग्लास पुढे केले. रेखाने ग्लास घेतला, पण तोंडाला लावेना.

"त्याचा अंगठा आत गेला होता का हो?"

अंगठा बाहेर होता. मी पाहिलं होतं आणि उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, "याचं उत्तर मी देणार नाही."

"त्या बाईंनी तुम्हाला चांगलंच मुकं केलंय."

"तुला इतकी वर्षं जमलं नाही ते त्यांनी करून दाखवलं."

ती हसली नाही, पण चहा प्यायली. सोबत वडापाव घेतला, तो तिने कागदाला धरून खाल्ला. शेवटचा घास मात्र मुद्दाम कागद सोडून बोटांनी उचलला. मी दुसरीकडे पाहत होतो.

खडवलीची ही भातसा नदी या दिवसांत शांत असते. खडक उघडे पडलेले, मधून स्वच्छ पाणी, काठावर पोरं आणि ओले कपडे. पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरू नका, ओढ कळत नाही आणि दर वर्षी माणसं जातात. जेवायचं असेल तर आल्या आल्या काठावरच्या एखाद्या घरी सांगून ठेवावं, म्हणजे घरगुती पिठलं-भाकरी मिळते आणि तीही परवडेल अशा दरात.

काठावर एक लहान देऊळ आहे. दर्शन घेऊ म्हणून आम्ही गेलो आणि आमची खरी परीक्षा तिथे निघाली. फाटकाशीच नळ होता. येणारा प्रत्येक जण हात-पाय धुऊन आत जात होता. रेखा नळापाशी थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "देवाला जाताना हात-पाय धुतातच. हा आजार नाही, ही रीत आहे."

मीही आजवर हात-पाय धुतल्याशिवाय देवळाची पायरी चढलेलो नाही. लहानपणी शाळेतून येताना वाटेत देऊळ लागायचं, तिथेही आम्ही आधी विहिरीवर जायचो. रीत तर खरीच होती. पण हात लावण्याआधी ती तोटी निरखत होती, आणि ते निरखणं मला ओळखीचं होतं. आमच्या घरात आजार शिरला तो याच दारातून, रीतीचं बोट धरून.

मी चपला काढल्या आणि नळ ओलांडून पायरीवर जाऊन उभा राहिलो. पाय धुळीने माखलेले.

फुलं विकणारी एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "अहो दादा, नळ हाय ना तिथं, दिसला नाय का? पाय धुवून जा की."

"आज तसेच जातो, आजी."

"शिकली-सवरलेली माणसं," असं काहीतरी ती शेजारणीला म्हणाली. मनातल्या मनात देवाला म्हटलं, आजचं तू समजून घे. मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने रेखा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे हात कोरडे होते.

आत पुजाऱ्यांनी पळीने तीर्थ दिलं. तिने ते घेतलं आणि ओला तळवा केसांवरून फिरवला, जसा सगळे फिरवतात. एका बाईने हातावर शिरा ठेवला, तोही खाल्ला.

बाहेर आल्यावर मात्र तिचा धीर सुटला. नदीकाठच्या खडकावर बसून ती रडू लागली. हात शरीरापासून लांब धरलेले, जणू ते तिचे नव्हतेच. दोन पावलांवर पाणी वाहत होतं. "काही होणार नाही ना हो?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी नुसता बसून राहिलो. नामस्मरण करत होतो, पण त्यातही मन लागत नव्हतं. एवढं प्रेमाचं माणूस विचारतंय आणि आपण गप्प, याच्याइतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. ऊन खडकावरून सरकलं. मग ती डोळे न पुसताच म्हणाली, "अजून आहे. पण मघासारखं नाही."

पिठलं-भाकरी खाऊन टिटवाळ्याच्या रस्त्याने कल्याणला आलो. दुपारी हा रस्ता मोकळा असतो. कल्याणात मी ठाण्याकडे वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "आधी प्राजूकडे."

प्राजक्ताने दार उघडलं. सातवा महिना, चेहरा भरलेला. आईला पाहून ती सवयीने बाजूला झाली, बाथरूमची वाट मोकळी करून. "आई, नवीन साबण ठेवलाय, कागदही काढलेला नाही."

"राहू दे. घरी जाऊन धुईन."

प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. रेखा दारातच उभी होती, हात खाली सोडून.

"लावू?" तिने विचारलं.

प्राजक्ताने आईचा हात धरला आणि पोटावर ठेवला.

डोंबिवलीहून परतताना मोठागावचा नवा पूल धरला की माणकोलीला महामार्गावर लवकर निघता येतं. पुलावर खाडीचं वारं लागलं. घरी पोचल्यावर रेखाने हात धुतले, एकदाच. नळ बंद केला आणि बंद नळाकडे पाहत थोडी उभी राहिली.

आजार गेला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी दूधवाला गेल्यावर तिने कडी दोनदा पुसली, आणि मॅडमना तसं सांगितलंही. मी रोज आंघोळ करूनच पूजेला बसतो, त्यात बदल नाही. पण धुळीच्या पायांनी घेतलेलं ते दर्शन हात जोडताना आठवतं, आणि त्यात काही उणं राहिलं असं वाटत नाही.

परवा प्राजक्ताचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, बाबा, खिडकीजवळची कॉट अजून तिथेच आहे का?

आहे, म्हणालो. या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला मनाई नव्हती.